बेसबॉलचा क्लब, त्याचे खालचे संघ आणि खेळाडूंचे वाढदिवस: न चुकता नोंद कशी ठेवायची

९ जुलैला सकाळी मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेसबॉलपटू हेलियट रामोसच्या वाढदिवसाची पोस्ट टाकली. नारिंगी-काळे फुगे, केकचं चित्र, सगळं साग्रसंगीत. अकरा जणांनी शुभेच्छा दिल्या. मग ग्रुपमधल्या एकाच्या सातवीतल्या मुलीने बापाच्या फोनवरून विचारलं, "काका, तो सप्टेंबरचा आहे ना?" होताच. अमेरिकन पानावर ९/७/१९९९ असं लिहिलेलं होतं. त्यांच्याकडे महिना आधी येतो, मी आपल्या सवयीने दिवस आधी वाचला.

त्यानंतर मी खेळाडूंच्या नोंदींची शीट पुसून नव्याने केली. आता दरवर्षी मार्च आला की कुणी ना कुणी ती मागतं, आणि दोन महिन्यांत तीच शीट त्यांच्याकडे बिघडलेली असते. कारण एकच: बहुतेक जण वाढदिवसांपासून सुरुवात करतात. आधी संघांची उतरंड, मग याद्या, मग माणसं आणि त्यानंतर तारखा, हा क्रम पाळला तर काम टिकतं.

उदाहरण सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचं घेतो. मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो, आमच्या भागातल्या मराठी घरांत हाच क्लब जास्त चालतो आणि पुण्याहून माझी बहीणही याच शीटवरून तो बघते. तुमचा क्लब दुसरा असला तरी पद्धत तीच.

## तयारी: शीटचं लोकेल आधी, बाकी सगळं नंतर

लागतं काय? एक गूगल शीट, एमएलबीचं (मेजर लीग बेसबॉल, म्हणजे अमेरिकेतली सर्वांत वरची लीग) ॲप, क्लबच्या अधिकृत साइटवरचं 'ट्रान्झॅक्शन्स' (खेळाडूंच्या हालचालींच्या नोंदी) पान आणि बेसबॉल-रेफरन्स ही आकडेवारीची साइट. फॅन पेजं आणि इन्स्टाग्राम सध्या लांब ठेवा.

शीट उघडली की काहीही टाइप करण्याआधी फाइल, मग सेटिंग्ज, मग लोकेल (शीटने कोणत्या देशाच्या पद्धतीने तारखा वाचायच्या ते) इथे जा आणि 'युनायटेड स्टेट्स' निवडा. ही एक क्लिक वगळल्यामुळे निम्म्या शीट बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा लोकेल भारताचं आहे आणि तुम्ही अमेरिकन पानावरून तारखा उचलून चिकटवल्या. जायंट्सच्या जुन्या खेळाडूंपैकी हुआन मारिशालची जन्मतारीख १०/२०/१९३७. विसावा महिना नसतो, त्यामुळे शीट तिला तारीख मानतच नाही. मजकूर समजून चौकटीत डावीकडे चिकटवून ठेवते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. पण विली मॅक्कोव्हीची १/१०/१९३८ ही तारीख गुपचूप १ ऑक्टोबर होऊन उजवीकडे शहाण्यासारखी बसते. खरी तारीख १० जानेवारी. म्हणजे ज्यांचा दिवस बारापेक्षा मोठा, ते ओरडून सांगतात. ज्यांचा बारा किंवा कमी, ते मुकाट्याने चुकतात.

तपासा: तारखांचा रकाना वरून खाली नजर टाकून बघा. सगळ्या तारखा उजवीकडे हव्यात. काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या तर रकाना पूर्ण रिकामा करा, लोकेल बदला आणि पुन्हा चिकटवा.

सावध: आधी चिकटवून मग लोकेल बदललं तर उपयोग नाही. मॅक्कोव्ही तोवर ऑक्टोबरचा झालेला असतो. लोकेल फक्त दाखवण्याची पद्धत बदलतं, आतली चुकलेली तारीख तशीच राहते.

## १. उतरंड लिहा, खेळाडूंना हात लावू नका

पहिल्या टॅबमध्ये फक्त संघ लिहा, वरून खाली:

- सॅन फ्रान्सिस्को जायंट्स: मेजर लीग, मैदान ओरॅकल पार्क
- सॅक्रामेंटो रिव्हर कॅट्स: ट्रिपल-ए, पॅसिफिक कोस्ट लीग
- रिचमंड फ्लाइंग स्क्विरल्स: डबल-ए, ईस्टर्न लीग
- यूजीन एमराल्ड्स: हाय-ए, नॉर्थवेस्ट लीग
- सॅन होजे जायंट्स: सिंगल-ए, कॅलिफोर्निया लीग
- ॲरिझोना कॉम्प्लेक्स लीगचा संघ
- डोमिनिकन समर लीगचे संघ. इथे एका क्लबचे दोन संघही असतात. जायंट्स त्यांना काळा आणि नारिंगी अशी नावं देतात.

मधले चार संघ पूर्ण हंगाम खेळतात. मेजर लीगच्या ३० क्लबांचे प्रत्येकी चार, असे मिळून १२० संघ २०२१ पासून या रचनेत आहेत.

आपल्याकडच्या माणसाची इथे एक हमखास गल्लत होते. रणजी डोक्यात असतं, त्यामुळे वाटतं की सॅक्रामेंटोने चांगला खेळाडू घडवला आणि सॅन फ्रान्सिस्कोने त्याला निवडला. तसं नाही. खेळाडू पहिल्या दिवसापासून सॅन फ्रान्सिस्कोचा असतो. त्याचा पगार, त्याचे प्रशिक्षक, त्याला कुठे पाठवायचं हा निर्णय, सगळं वरून येतं. खालचा संघ मैदान चालवतो, तिकिटं आणि हॉट डॉग विकतो. त्यामुळे "रिचमंडने त्याला का सोडलं?" हा प्रश्नच चुकीचा.

दुसरी गल्लत जुनी पानं वाचताना होते. जायंट्सचा माजी खेळाडू बस्टर पोझी याच्या २००९ च्या ओळीत सॅन होजे आणि फ्रेझ्नो दिसतील. तेव्हा फ्रेझ्नो जायंट्सचा ट्रिपल-ए संघ होता. आज तोच फ्रेझ्नो कोलोरॅडो रॉकीजचा सिंगल-ए संघ आहे आणि सॅन होजेच्याच लीगमध्ये समोर उभा राहतो. सॅन होजेही २०२० पर्यंत एक पायरी वर होता. म्हणून संघाच्या नावापुढे पायरी लिहिताना वर्षही लिहा. नुसत्या नावावरून पायरी ठरवू नका.

तिसरी, तिकिटं काढणाऱ्यांसाठी: रिव्हर कॅट्सच्या सटर हेल्थ पार्कवर २०२५ पासून ॲथलेटिक्स हा मेजर लीगचा क्लबही खेळतो. मैदानाच्या नावाने शोधलंत तर भलत्याच संघाची, आणि बरीच महाग, तिकिटं पुढ्यात येतील. मैदानाच्या नावाऐवजी संघाच्या नावाने शोधा. आणि हो, ते मैदान सॅक्रामेंटोत नाही, नदीपलीकडे वेस्ट सॅक्रामेंटोत आहे.

## २. चाळीस आणि सव्वीस

दुसऱ्या टॅबआधी दोन आकडे समजून घ्या. क्लबची चाळीस जणांची यादी असते. त्यातले सव्वीस त्या दिवशी मेजर लीगच्या सामन्याला उपलब्ध असतात, सप्टेंबरमध्ये अठ्ठावीस. उरलेल्यांपैकी बहुतेक खालच्या संघांत खेळतात, काही जखमींच्या यादीत असतात.

म्हणजे सॅक्रामेंटोच्या ड्रेसिंग रूममध्ये शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांपैकी एक चाळिसातला असू शकतो, दुसरा नसू शकतो. त्यांच्या नशिबात मोठा फरक आहे. चाळिसातल्याला उद्या वर बोलावता येतं. दुसऱ्यासाठी आधी चाळिसात जागा करावी लागते, म्हणजे बहुधा दुसऱ्या कुणाला तरी बाहेर काढावं लागतं.

म्हणून शीटमध्ये 'संघ' आणि 'चाळिसात आहे का' हे दोन वेगळे रकाने हवेत. एकच 'स्थिती' रकाना करून सगळं त्यात कोंबणाऱ्यांच्या शीट मे महिन्यात बंद पडतात, हा अनुभव आहे.

सावध: पहिल्याच दिवशी सगळ्यांना भरायला जाऊ नका. क्लबला अमेरिकेतल्या संघांत मिळून हंगामात १६५ खेळाडू ठेवता येतात, शिवाय डोमिनिकन संघ वेगळे. आधी चाळीस भरा, मग खालच्या चार संघांतले तुम्हाला ज्यांच्यात रस आहे असे वीस. साठ ओळी पुरेशा आहेत.

## ३. माणूस नावाने ओळखू नका

प्रत्येक ओळीत पहिला रकाना क्रमांकाचा ठेवा. एमएलबीच्या साइटवर खेळाडूचं पान उघडलं की पत्त्याच्या शेवटी सहसा सहा आकडी क्रमांक दिसतो. तोच घ्या. खेळाडू सिंगल-एमध्ये असो की वर, क्लब बदलो की निवृत्त होवो, तो क्रमांक तसाच राहतो. बेसबॉल-रेफरन्सचं तसं नाही. तिथे खालच्या लीगमधल्या खेळाडूची ओळख वेगळ्या धाटणीची असते आणि मेजर लीगमध्ये पदार्पण झालं की आडनावाची पाच अक्षरं, नावाची दोन आणि दोन अंक अशी नवी मिळते. त्यामुळे जुना दुवा जपून ठेवण्यात अर्थ नाही.

एवढा खटाटोप कशाला? विल स्मिथमुळे. २०१९ मध्ये जायंट्सकडून ऑल-स्टार (वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलेला) झालेला डावखुरा पिचर (आपल्याकडच्या गोलंदाजासारखा) विल स्मिथ, जन्म १० जुलै १९८९. डॉजर्स क्लबचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा) विल स्मिथ, जन्म २८ मार्च १९९५. २०२० च्या नॅशनल लीग अंतिम मालिकेत पिचर अटलांटाकडून खेळत होता आणि त्या कॅचरने त्याच्याच चेंडूवर होम रन (आपला षटकार म्हणा) मारला. नावावरून तारीख शोधणारी शीट इथे कोणाला केक भरवणार?

याच्या उलट चूकही होते. टायलर रॉजर्स आणि टेलर रॉजर्स, दोघांची जन्मतारीख १७ डिसेंबर १९९०, दोघं पिचर, आणि २०२३-२४ मध्ये दोघं जायंट्समध्येच. एका मित्राने शीटमधले 'डुप्लिकेट' काढण्याचं बटण दाबलं आणि एक भाऊ गायब केला. ते जुळे आहेत. टेलर डावखुरा, टायलर उजव्या हाताने, जवळजवळ जमिनीवरून चेंडू टाकतो.

नावाचा रकाना दोन भागांत करा: अधिकृत इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं, आणि शेजारी तुमचा देवनागरी उच्चार. शोध स्पेलिंगने घ्यायचा, गप्पा उच्चाराने मारायच्या. स्पॅनिश नावांत कधी कधी दोन आडनावं असतात, वडिलांचं आधी आणि आईचं शेवटी. मारिशालचं पूर्ण नाव हुआन अँटोनियो मारिशाल सांचेस. त्याला 'स'मध्ये टाकलंत तर सापडणार नाही. आणि टोपणनावांचं भान ठेवा. पोझीचं खरं नाव जेराल्ड डेम्प्सी पोझी, तेही तिसरा.

## ४. आता जन्मतारखा

इथवर नीट आला असाल तर हा भाग अर्ध्या तासाचा आहे.

तारीख दोन ठिकाणी ताडून बघा: एमएलबीचं खेळाडूचं पान आणि बेसबॉल-रेफरन्स. दोन्ही जुळल्या तरच शीटमध्ये. फॅन पेजवरची 'आज अमुकचा वाढदिवस' ही पोस्ट पुरावा म्हणून चालत नाही. ती माझ्यासारख्याच कुणीतरी ९ जुलैला टाकलेली असू शकते.

शीटमध्ये ती दिसताना महिना अक्षरी दिसू द्या. फॉरमॅट बदलून '७ सप्टेंबर १९९९' असं करा, म्हणजे पुढे कुणी वाचताना घोळ घालणार नाही. विली ॲडामेसची ९/२/१९९५ आपल्या डोळ्यांना फेब्रुवारीची वाटते. आहे २ सप्टेंबर.

मग एक जास्तीचा रकाना, क्रमवारीसाठी. जन्मतारखेने सरळ क्रम लावला तर वर्षाप्रमाणे लागतो आणि मारिशाल सगळ्यांच्या वर जाऊन बसतो. आपल्याला वर्ष नको, कॅलेंडर हवं. म्हणून महिना गुणिले १०० अधिक दिवस असं सूत्र लावा. रामोस होतो ९०७, लोगन वेब (१८ नोव्हेंबर १९९६) होतो १११८. या आकड्याने क्रम लावला की जानेवारी ते डिसेंबर सरळ रांग. मारिशाल आणि ब्राइस एल्ड्रिज दोघंही १०२० वर शेजारी येतात: एक २० ऑक्टोबर १९३७ चा, दुसरा २० ऑक्टोबर २००४ चा. एकाच दिवसाचे हॉल ऑफ फेमर (बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीतला) आणि नवखा! शीट ठेवण्यातली गंमत मला तरी इथेच वाटते.

### वाढदिवस की जयंती

मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, तर त्याचा फायदा घ्या. 'निधन' असा रकाना करा. तो भरलेला असेल तर पोस्टमध्ये 'जयंती' येईल, रिकामा असेल तर 'वाढदिवस'. २०२४ च्या जूनमध्ये दहा दिवसांच्या अंतराने जायंट्सचे दिग्गज विली मेज (१८ जून) आणि ऑर्लँडो सेपेडा (२८ जून) गेले. पुढच्या वर्षी ६ मे उजाडला आणि कित्येकांनी मेजना उदंड आयुष्य चिंतलं. बातमी त्यांना माहीत होती, शीटला माहीत नव्हती.

वयाचं सूत्र आजच्या तारखेवर चालत असेल तर तेही थांबवा. मेज ९३ व्या वर्षी गेले. सूत्र मात्र दरवर्षी एकेक वर्ष चढवत राहतं. निधनाची तारीख असेल तर तिथवरच मोजा.

### २९ फेब्रुवारी

जायंट्सचे माजी जनरल मॅनेजर अल रोझेन २९ फेब्रुवारी १९२४ चे. शीटमध्ये ते २२९ वर ठीक बसतात. पण 'आजचा आकडा काय' असं विचारून आठवण देणारी शीट चारपैकी तीन वर्षं त्यांना विसरते. बिगर लीप वर्षात २८ फेब्रुवारी की १ मार्च, हे एकदा ठरवा आणि शीटच्या डोक्यावर लिहून ठेवा. मी २८ धरतो, महिना तोच राहतो म्हणून.

### भारतातून बघणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियात ७ सप्टेंबर सुरू होतो तेव्हा पुण्यात ७ तारखेच्या दुपारचे साडेबारा झालेले असतात. वेबच्या नोव्हेंबरमध्ये दीड, कारण तोवर तिकडची घड्याळं मागे गेलेली असतात. सकाळी सातला शुभेच्छा टाकल्यात तर तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. ली जंग-हू (२० ऑगस्ट १९९८) नागोयात जन्मला, वाढला कोरियात. त्याच्या जन्मस्थळाची वेळ लावत बसू नका; छापील तारीख धरा आणि पुढे चला.

तपासा: कोणतेही दहा खेळाडू निवडा, त्यांत दिवस बारा किंवा कमी असलेले निदान पाच. दहाही अधिकृत पानाशी जुळले तर शीट चांगली. एक जरी महिना-दिवस उलटा निघाला तर पूर्ण रकाना संशयित.

## ५. वय म्हणजे नेमकं कधीचं वय

इथे वाढदिवस निव्वळ हौसेचा राहत नाही. बेसबॉल-रेफरन्स 'त्या हंगामाचं वय' देताना ३० जूनचं वय धरतं. पॅट्रिक बेली २९ मे १९९९ चा, रामोस ७ सप्टेंबर १९९९ चा. दोघांत जेमतेम १०१ दिवस. तरी २०२५ च्या हंगामाला बेली २६ चा आणि रामोस २५ चा. दोन पानांवर वय वेगळं दिसलं की लोक जन्मतारीखच 'दुरुस्त' करायला धावतात. करू नका. सूत्र सोपं आहे: हंगामाचं वर्ष वजा जन्मवर्ष, आणि जन्म १ जुलै किंवा नंतरचा असेल तर आणखी एक वजा.

दुसरीकडे वयावर करिअर ठरतं ते रूल फाइव्ह ड्राफ्ट या डिसेंबरातल्या खेळाडू-निवडीत. खालच्या लीगमध्ये अडकलेला खेळाडू क्लबने चाळिसात घेतला नाही तर ठरावीक वर्षांनी दुसरा क्लब त्याला उचलू शकतो. करार करण्याआधीच्या ५ जूनला जो १८ किंवा लहान होता त्याला पाचव्या ड्राफ्टपर्यंत हात लावता येत नाही. १९ किंवा मोठा असेल तर चौथ्यापर्यंत. ४ जूनला एकोणीस पुरं करणारा आणि ७ जूनला पुरं करणारा, दोघांच्या नशिबात एका वर्षाचा फरक. २०२३ च्या जुलैत शाळेतून निवडलेला अठरा वर्षांचा मुलगा २०२७ च्या ड्राफ्टला उघडा पडतो, कॉलेजमधून आलेला २०२६ च्या.

जन्मवर्ष इतकं मोलाचं असलं की ते बदललंही जातं. मिगेल तेहादा २०११ मध्ये जायंट्सकडून खेळला. त्याचं जन्मवर्ष बरीच वर्षं १९७६ छापलं जायचं. २००८ मध्ये ते १९७४ असल्याचं उघड झालं. दिवस-महिना तोच, २५ मे. म्हणून जुन्या कार्डावर किंवा कार्यक्रमपत्रिकेत वेगळं वर्ष दिसलं तर छपाईची चूक असेलच असं नाही. शीटमध्ये आजचं अधिकृत वर्ष ठेवा आणि शेरा लिहा.

## ६. हालचालींचे शब्द: एक अक्षर चुकलं की संघ चुकतो

ट्रान्झॅक्शन्स पानावरची भाषा कोरडी असते, पण प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरलेला आहे.

ऑप्शन्ड: चाळिसातल्या खेळाडूला खाली पाठवलं. चाळिसात तो आहेच, फक्त संघाचा रकाना बदला.

रिकॉल्ड: त्यालाच परत वर बोलावलं.

सिलेक्टेड: चाळिसाबाहेरच्याला घेतलं. दोन्ही रकाने बदलतात. आणि लगेच शोधा की जागा कुणी रिकामी केली. ती ओळ त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी तिथेच असते.

डिझिग्नेटेड फॉर असाइनमेंट: चाळिसातून काढला, पुढे काय ते सात दिवसांत ठरेल. 'काढून टाकलं' असं लिहून ओळ पुसू नका. असे कित्येक जण आठवडाभराने सॅक्रामेंटोत खेळताना दिसतात.

रिहॅब असाइनमेंट: सर्वांत जास्त गोंधळ याचा. जखमेतून सावरणारा मेजर लीगचा खेळाडू काही सामने सॅन होजे किंवा सॅक्रामेंटोकडून खेळतो. धावफलकात त्याचं नाव बघून लोक त्याला 'खाली घसरला' म्हणून नोंदवतात. तो घसरलेला नाही, जखमींच्या यादीतच आहे. पिचरला असे जास्तीत जास्त ३० दिवस मिळतात, इतरांना २०. संघाचा रकाना तसाच ठेवा, शेऱ्यात 'रिहॅब' लिहा.

एल्ड्रिजची ओळ बघा म्हणजे कळेल. २०२४ मध्ये तो एकाच हंगामात सॅन होजे, यूजीन, रिचमंड आणि सॅक्रामेंटो या चारही संघांकडून खेळला. २०२५ च्या १५ सप्टेंबरला, एकवीस पुरं व्हायला महिना उरलेला असताना, मेजर लीगमध्ये आला. जी शीट जुना संघ पुसून नवा लिहिते, तिच्यात हा सगळा प्रवास उरत नाही. म्हणून तिसरा टॅब करा, 'हालचाली': तारीख, क्रमांक, कुठून, कुठे, शब्द. मुख्य टॅबमध्ये फक्त शेवटचा मुक्काम.

## ७. रोजची दहा मिनिटं, याच क्रमाने

पहिल्यांदा ट्रान्झॅक्शन्स. मग वरच्या संघाचा सामना. मग सॅक्रामेंटो, रिचमंड, यूजीन, सॅन होजे. शेवटी आजचा वाढदिवस. क्रम उलटा केलात तर काल वर गेलेल्या मुलाला आज रिचमंडच्या धावफलकात शोधत बसाल आणि जखमी झाला की काय म्हणून काळजी कराल.

नाव दिसत नाही म्हणजे जखमी, हे गृहीत धरू नका. सुट्टी असेल, पिचरची पाळी नसेल, किंवा तो 'डेव्हलपमेंट लिस्ट'वर (सामन्यांऐवजी सरावासाठी बाजूला ठेवलेल्यांच्या यादीत) असेल. तीन दिवस थांबा, मग शोधा.

खालच्या लीगचे सामने बहुतेक मंगळवार ते रविवार असे एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा असतात आणि सोमवारी सुट्टी. भारतात ती मंगळवारच्या सकाळी जाणवते. "ॲप बिघडलं का?" असा बहिणीचा मेसेज मला दर मंगळवारी यायचा. घड्याळाचं गणित हंगामात असं: सॅन फ्रान्सिस्कोत संध्याकाळी पावणेसात म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासात, चहाच्या वेळेला उत्तम. रिचमंड पूर्व किनाऱ्यावर. तिथले साडेसहा म्हणजे आपल्या पहाटेचे चार. तो सामना उठल्यावर वाचायचा.

पावसाने राहिलेला सामना दुसऱ्या दिवशी जोडसामना (एकाच दिवशी दोन सामने) होऊन येतो. खालच्या लीगमध्ये ते नेहमीच्या नऊऐवजी सात-सात डावांचे असतात. 'सातच डाव? अर्धवट सोडला?' असं वाटून नोंद गाळू नका.

## ८. शुभेच्छा पाठवायच्या असतील तर

कार्ड नेहमी मैदानाच्या पत्त्यावर, खेळाडूच्या नावे. जायंट्सचा पत्ता २४ विली मेज प्लाझा, सॅन फ्रान्सिस्को. २४ हा मेजचा जर्सी क्रमांक. घरचा पत्ता कुठे सापडला तरी तिथे काही पाठवू नका.

सही हवी असेल तर सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट घाला. तिकीट अमेरिकेचंच लागतं, त्यामुळे भारतातून पाठवणाऱ्यांनी ते काम इकडच्या भाच्या-पुतण्यांवर सोपवावं. खालच्या संघातल्या खेळाडूला वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी पाठवताना पाठवण्याच्या दिवशी सकाळी ट्रान्झॅक्शन्स बघा. आणि मैदानाचा पत्ता दर वर्षी नव्याने बघा. रिचमंडचा 'द डायमंड'मधला शेवटचा हंगाम २०२५ चा होता.

वेब, एल्ड्रिज यांचे वाढदिवस हंगामानंतर किंवा अगदी शेवटी येतात. तेव्हा मैदानावर कुणी नसतं. अशांना फेब्रुवारी-मार्चमध्ये स्कॉट्सडेलच्या सरावशिबिरात लिहा, उशिराने का होईना.

डोमिनिकन संघांत सोळा-सतरा वर्षांची मुलं असतात. त्यांच्या वाढदिवसाची नोंद ठेवा, पण इन्स्टाग्रामवर शोधून थेट मेसेज करू नका.

## ९. हिवाळ्यात शीट झटकून ठेवा

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत क्लब चाळिसाची यादी पक्की करतात, डिसेंबरमध्ये रूल फाइव्ह ड्राफ्ट होतो, १५ जानेवारीला परदेशी मुलांच्या करारांचं नवं दालन उघडतं. तीनही तारखांना एकदा शीट उघडा. गेलेल्यांच्या ओळी 'माजी' टॅबमध्ये हलवा. क्रमांक, तारीख आणि हालचाली तशाच राहू द्या. २०२५ च्या जुलैत मेट्सकडे गेलेला टायलर रॉजर्स माझ्या 'माजी' टॅबमध्ये भावाच्या खालीच आहे.

नव्यांच्या ओळी घालताना कॉपी-पेस्टआधी लोकेल बघा. नवीन लॅपटॉप, नवीन खातं, भारतातल्या कुणी 'कॉपी करून' दिलेली शीट, यांपैकी काहीही झालं असेल तर ते परत 'इंडिया' झालेलं असू शकतं. मी पहिल्या ओळीत मुद्दाम मॅक्कोव्ही ठेवला आहे. तो १० जानेवारी दाखवत असेल तरच पुढे काही टाइप करतो.